दोन बोटांवरचा दवाखाना

नारायण पेठ, पुणे
१८ जानेवारी २०००

सौ. द्वारकाबाई यांस,
नमस्कार.

लग्नानंतर गेली दोन वर्षं आपला पत्रव्यवहार झाला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नये. कारण नव्हतं. आज आहे, म्हणून लिहिते.

शुभंकरचं पाकीट काल अमेरिकेहून आलं. आत एक जुना नकाशा निघाला. नकाशा कसला, अर्धा नकाशा. सोबत चार ओळी: "आई, इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात आमच्या भागाचा हा नकाशा मिळाला. आम्ही राहतो तिथे लाल शाईनं टिंब केलं आहे. पण घडी उलगडताना नेमका मधून फाटला. म्हणून अर्धा तुला आणि अर्धा नम्रताच्या आईंना पाठवतो. दोघी मिळून बघा." दोघी मिळून बघायला एक पुण्यात आणि एक बल्लारपुरात! मुलगा संगणकात हुशार आहे, बाकी आनंदच आहे.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, त्यामुळे नकाशा मला वाचता येतो. माझ्या अर्ध्यात तपकिरी रेघांचे डोंगर, तुटक निळ्या रेघेची कोरडी नदी, खाणींच्या खुणा आणि एक रेल्वेलाइन आहे. हिरवं काही नाही. ज्या सोन्याच्या खाणीत शुभंकर संगणक सांभाळतो ती बहुधा यातलीच एक. लाल टिंब मात्र बरोबर फाटलेल्या कडेवर आहे. अर्धं माझ्याकडे, म्हणजे उरलेलं अर्धं तुमच्याकडे असणार. आपल्या मुलांच्या घराच्या पश्चिमेला काय आहे ते मला दिसतं, पूर्वेला काय आहे ते दिसत नाही.

नम्रताला दिवस गेल्याचं तिनं आपल्याला कळवलं असेलच. सप्टेंबर सांगितला आहे. पहिलं बाळंतपण, आणि तिला इकडे येता येत नाही. व्हिसाचे कागद अडकलेत, बाहेर पडली तर परत शिरता यायचं नाही म्हणे. तेव्हा आपल्या अर्ध्यात टिंबाच्या जवळपास काय आहे ते कृपया कळवावं. विशेषतः दवाखाना.

आपली,
सरोजिनी

ता. क. लग्नातल्या मठ्ठ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तो आंबट होता, एवढंच.

*

कॉलरी वसाहत, बल्लारपूर
२९ जानेवारी २०००

श्रीमती सरोजिनीताईंना द्वारकाचा नमस्कार.

तुमचं पत्र पाहून आधी धस्स झालं. पोस्टमनच्या हातात पुण्याचं पाकीट, म्हटलं आता काय चुकलं आपलं! वाचलं आणि जीव भांड्यात पडला.

माझ्याकडेही तसाच तुकडा आला आहे. नम्रताचे बाबा म्हणाले, या तपकिरी रेघा म्हणजे वाळवी लागलेली दिसते. कॉलरीत सारा जन्म हजेरी मांडली, पण नकाशाशी काम पडलं नाही जी त्यांचं. कागद फार विरला होता, म्हणून मी खळ शिजवून तो जुन्या धोतराच्या पांढऱ्या कापडावर चिकटवला. आता देवघराच्या बाजूला टांगला आहे. रोज दिवा लावताना लेकीचं घर दिसते.

तुम्ही काळजी करू नका. टिंबाच्या बाजूलाच मोठं गाव आहे. लॅम्बर्ट सिटी असं छापलेलं आहे. नावातच सिटी आहे म्हणजे आपल्या चंद्रपूरएवढं तरी असेल. काळे काळे चौकोन आहेत घरांचे, ओळीनं. शाळा आहे. आणि ताई, हॉस्पिटल आहे! मी एकेक अक्षर लावून वाचलं, मग यांच्याकडून वाचून घेतलं, मग शेजारच्या मास्तरांकडून. टिंबापासून माझी दोन बोटं ठेवली की तिसऱ्या बोटाखाली हॉस्पिटल येते. दोन बोटांवर दवाखाना असला म्हणजे आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि मठ्ठ्याचं म्हणाल, तर मे महिन्यात बल्लारपूरला मठ्ठा आंबट होणार नाही तर काय होणार? आमच्याकडे त्या दिवसांत माणसंसुद्धा आंबतात.

तुमची विहीण,
द्वारका

*

नारायण पेठ, पुणे
२० फेब्रुवारी २०००

सौ. द्वारकाबाई यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. त्या रात्री मला झोप लागली. जानेवारीपासून लागत नव्हती, हे आत्ताच सांगते.

पण बोट हे माप नव्हे. बोटं सगळ्यांची वेगळी असतात. मैलाची पट्टी माझ्या अर्ध्यात खाली छापलेली आहे, दवाखाना तुमच्या अर्ध्यात. तेव्हा असं करा: टिंबापासून दवाखान्यापर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरा, तिथेच कापा आणि पाकिटात घालून पाठवा. मी पट्टीवर मोजते.

माझा तुकडा मी अप्पा बळवंत चौकात नेऊन प्लास्टिकमध्ये बसवून घेतला. दुकानदार म्हणाला, कड फार फाटकी आहे, मशीनमध्ये अडकेल. मग मी घरून नेलेल्या कात्रीनं ती सरळ कापून दिली. आता छान दिसतो. धोतरावर नकाशा चिकटवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

नम्रताचा रविवारी फोन आला होता. जेमतेम चार वाक्यं होतात. तब्येत बरी आहे म्हणाली. मग विचारलं, "माझ्या आईच्या गुडघ्याचं काही कळलं का?" मी म्हटलं, मला कसं कळणार? आता कळवा. काय झालं आहे गुडघ्याला?

आपली,
सरोजिनी

*

कॉलरी वसाहत, बल्लारपूर
१२ मार्च २०००

ताईंना नमस्कार.

दोरा पाठवते आहे. लाल मुद्दाम घेतला. पांढरा कुठे पडला तर फरशीवर सापडत नाही.

गुडघ्याला काही नाही. जिना उतरताना वाजतो तेवढाच.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. यांनी परवा भिंग लावून वाचलं. तसं विशेष काही नाही. छापणाऱ्यांची नावं-गावं असतात तसं. तुम्ही दोऱ्याचं माप काढा आणि निवांत झोपा.

तुम्हाला एक सांगू का? नम्रता झाली तेव्हा आम्ही या वसाहतीत नव्हतो. तिकडे जंगलाच्या बाजूला दुसरी खाण होती, तिथे आमचं क्वार्टर होतं. लहानसा दवाखाना, कौलारू, समोर बकुळीचं झाड. नर्सबाई केरळची होती, तिला मराठी येत नसे आणि मला मराठीशिवाय काही येत नसे. पण रात्रभर तिनं माझा हात सोडला नाही. पुढे ती खाण संपली. खाण संपली की वसाहत उठते. क्वार्टरची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या. नम्रता दहावीत असताना तिला जन्मगाव दाखवायला नेलं, तर तिथे फक्त बकुळ उभी होती. पोट्टी म्हणाली, आई, मी इथे झाले? मी म्हटलं, हो. तिला काही खरं वाटलं नाही.

उगीच आठवलं. शुभंकररावांकडे मोटार चांगली आहे ना? म्हणजे लांबवर जाण्यासारखी? नम्रताला हिवाळ्यात फिरायला आवडते म्हणून विचारलं.

तुमची,
द्वारका

*

नारायण पेठ, पुणे
१६ एप्रिल २०००

सौ. द्वारकाबाई,
नमस्कार.

तुमचा दोरा मोजला. दीड मैल. म्हणजे आमच्या घरापासून डेक्कनला जाऊन भाजी घेऊन परत आलं तर होईल तेवढं. जवळच म्हणायचं.

आमच्या खालच्या मजल्यावरची वैष्णवी कर्वेनगरच्या कॉलेजात जाते. नम्रता होती त्याच. तिथे आता गल्लीगल्लीत संगणकाची दुकानं झाली आहेत, तासावर पैसे घेऊन जगातलं काहीही दाखवतात. तिच्याबरोबर मीही गेले होते. म्हटलं, हे लॅम्बर्ट सिटी आहे तरी कसं ते बघावं. सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती, आजीबाई कशाला आल्या म्हणून. विशेष काही कळलं नाही. हवा कोरडी आहे. फोटो होते, पण नीट उमटले नाहीत.

महत्त्वाचं म्हणजे, मी जायचं ठरवलं आहे. पासपोर्ट शुभंकर गेला तेव्हाच काढला होता, व्हिसाही मागच्या आठवड्यात झाला. ऑगस्टमध्ये निघते. दोघींना बोलवायला त्यांच्याकडे जागा नाही. घर कसलं, चाकांवरची लांबट खोलीच आहे ती. रीत पाहिली तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण तुमच्याकडे पासपोर्ट नाही, आणि गुडघा वाजतो. नम्रताला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हो आई, तुम्ही या. बरं होईल." अगदी नीट म्हणाली.

तेव्हा दवाखान्याची काळजी तुम्ही मुळीच करू नका. फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत. मला एकच मूल, तेही ताराचंद दवाखान्यात, घरापासून पाच मिनिटांवर, आणि मला गुंगीत काही कळलं नाही. कळा सुरू झाल्यापासून किती वेळ हाताशी असतो? नम्रताच्या वेळी तुम्हाला किती लागला होता? सहज विचारते आहे.

डिंकाचे लाडू तुम्ही कसे करता तेही लिहा.

आपली,
सरोजिनी

*

कॉलरी वसाहत, बल्लारपूर
३० एप्रिल २०००

ताई,

लाडवाचं शेवटी लिहिते. आधी दुसरं.

तुम्ही जाणार म्हटल्यावर तुम्हाला अंधारात ठेवून चालायचं नाही. मी मार्चमध्येच सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही लिहिलं होतं की माझ्या पत्रानं झोप लागली, मग ती कशी मोडू? कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत सन लिहिला आहे. १९०८. ब्याण्णव वर्षांचा नकाशा आहे तो. यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही खाणीवरची माणसं. वर्षं ऐकली की आम्हाला कळते. ते लॅम्बर्ट सिटी आता नाही, ताई. शाळा नाही, ते ओळीनं चौकोन नाहीत. दवाखाना नाही. मी ज्याला रोज दिवा दाखवत होते तो दवाखाना माझ्या सासूच्या जन्माच्या वेळचा.

खरा दवाखाना कुठे आहे ते पोरांना विचारायचा मला धीर झाला नाही. विचारलं तर ती खोटं सांगतील, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.

म्हणून नीट वाचा. कंबर दुखायला लागली की वेळ मोजत बसायचं नाही, निघायचं. मोटारीत चादरी, उकळून गार केलेलं पाणी, जुनी स्वच्छ सुती लुगडी. नवं कापड नको, टोचते. तिला डाव्या कुशीवर निजवा. ती घाबरली की बोलत नाही, हसते. लहानपणापासून तसंच आहे. हसायला लागली की समजा घाबरली, आणि पाठीवरून खालपर्यंत हात फिरवा, दाबून. गप्प राहिलात तरी चालेल. मला नम्रताच्या वेळी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत लागला होता.

मला जायचं होतं ताई. आता खरं लिहायला बसले तर हेही लिहिते. यांच्यासमोर बोलत नाही, देवासमोर बोलत नाही. तुम्ही गेलात तर ती चांगल्या हातात आहे हे मला कळते. पण कळून काही होत नाही. रात्री हात असे शिवशिवतात.

डिंक तुपात फुलवून घ्या, कच्चा राहिला तर दाताला चिकटते.

द्वारका

*

नारायण पेठ, पुणे
८ मे २०००

द्वारकाबाई,

मला माहीत होतं.

संगणकाच्या दुकानात फोटो चांगले स्वच्छ उमटले होते. सपाट माळ, वाळलेली झुडपं आणि एक पाटी. इंग्रजीत अशा ओसाड गावांना भुतांचं गाव म्हणतात. वैष्णवी हसली. मी हसले नाही. दाराबाहेर येऊन तिथल्या पायरीवर बसले. मग मी शुभंकरला सरळ फोन केला आणि शाळेत विचारायचे तसं विचारलं. दवाखाना नव्वद मैलांवर आहे. रस्ता चांगला आहे, म्हणतो. मोटारही चांगली आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर महिनाभर उशिरा देते आहे.

तुमची झोप जाऊ नये म्हणून मी हवा कोरडी आहे असं लिहिलं. तुम्ही माझी जाऊ नये म्हणून छापणाऱ्यांची नावं आहेत असं लिहिलं. दोघींनी मिळून एकमेकींना फसवलं, आणि झोपलं कुणीच नाही. भूगोलाच्या बाईनं नकाशाचा सन न पाहता गावावर विश्वास ठेवला, हे कुठे बोलू नका. सन तुमच्या अर्ध्यात होता, एवढाच माझा बचाव.

आता ऐका. तुमचं पत्र मी चारदा वाचलं. ती घाबरली की हसते, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं ती माझी सून आहे. लग्नानंतर इथे राहत होती तेव्हा माझ्यासमोर ती सतत हसायची, आणि मी लोकांना सांगायचे, सून मोठी हसतमुख आहे.

तेव्हा तुम्ही जायचं. मी नाही.

नव्वद मैलांच्या वाळवंटात गाडीत मागे बसायला भूगोल उपयोगाचा नाही. तिथे आई लागते. तिनं "तुम्ही या" म्हटलं तेव्हा फोन ठेवताना ती हसली होती. मला आज ते हसू ऐकू येतं आहे.

नागपूरला जाऊन पासपोर्टचा अर्ज तातडीनं करा. शुभंकरला मी कळवलं आहे, आमंत्रणाचं पत्र तुमच्या नावानं येईल. मुंबईला व्हिसासाठी जाताना इथे उतरा. घर मोठं नाही, पण तुमच्या दोघांपुरतं आहे.

आणि एक. मठ्ठ्याचं मी उगाच लावून धरलं होतं. मठ्ठा मी प्यालेच नव्हते. लग्नात मुलाकडच्या बायकांच्या ओट्या भरत होते तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते, नवी साडी नेसून. मुलाची आई मी. ताट माझ्यासमोरून पुढे गेलं. विधवेची ओटी भरत नाहीत हे मला माहीत आहे, मला कुणी शिकवायला नको. रीत आहे, तुमचा काही दोष नाही. तरी पदर पुढे करायला माझा हात उठला होता, आणि तो मी केस सारखे करायला डोक्यावर नेला. तेवढंच लक्षात राहिलं आहे. बोलायला काहीतरी हवं म्हणून मठ्ठा.

या पत्राला "मी कशी जाऊ" असं उत्तर लिहू नका. अर्ज केल्याचं लिहा.

सरोजिनी

*

कॉलरी वसाहत, बल्लारपूर
२६ मे २०००

ताई,

अर्ज केला.

फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, हसू नका. मला तर रडू येत होतं.

मी कशी जाऊ असं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण विमानात कोणी इंग्रजीत काही विचारलं तर काय सांगायचं तेवढं लिहून द्या. आणि तुमचा एकुलता एक मुलगा आहे, त्याला पाहायला तुम्ही दोन वर्षं थांबल्या आहात, हे माझ्या डोक्यातून जात नाही. एवढंच लिहिते. बाकीचं येऊन बोलते.

द्वारका

*

नारायण पेठ, पुणे
२० ऑगस्ट २०००

द्वारकाबाई,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही त्या चाकांवरच्या घरात असाल. मी दिलेली चिठ्ठी विमानतळावर तुम्ही प्रत्येकाला दाखवलीत, अगदी चहावाल्यालाही, असं तुमच्या वैजनाथरावांनी मुंबईहून परतताना सांगितलं. "मी माझ्या मुलीच्या बाळंतपणाला चालले आहे, मला इंग्रजी येत नाही, कृपया मदत करा." चहावाल्यानं चहा फुकट दिला म्हणे. म्हणजे माझं इंग्रजी अजून चालतं.

तुम्ही गेल्यावर घर रिकामं वाटतं आहे. हे मी कुणाला म्हणणार नाही, तुम्हाला लिहायला हरकत नाही. दोन दिवसांत तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवलेत. मला साखर सापडत नाही.

नकाशाचे दोन तुकडे आपण जमिनीवर जोडून पाहिले ते आठवून मला अजून हसू येतं. मी कड कापलेली, तुम्ही खळ लावून ताणलेली. एकही रेघ दुसरीला मिळेना. टिंब तर गोल झालंच नाही. तुम्ही म्हणालात, "ताई, तुमच्या कात्रीनं माझ्या लेकीचं घर कापलं." आणि मी म्हटलं, तुमच्या खळीनं ते सुजलं. वैजनाथराव बिचारे आपल्याकडे बघत होते, भांडण आहे की काय म्हणून.

आता जे त्या दिवशी बोलता आलं नाही ते. निघताना तुमची ओटी भरायला मी वैष्णवीच्या आईला वर बोलावलं होतं, कारण मी भरायची नाही. तुम्ही तिच्या हातातलं ताट घेतलंत आणि माझ्यासमोर धरलंत. "तुमच्याच हातून," म्हणालात. अर्धे तांदूळ मी खाली सांडले. आणि मग तेच ताट घेऊन तुम्ही म्हणालात, "पदर पसरा." वैजनाथराव छताच्या पंख्याकडे बघायला लागले. वैष्णवीची आई दारात तशीच उभी. मी पदर पसरला. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. बावीस वर्षांनी माझ्या पदरात वजन आलं.

मी तेव्हा काय बोलले? "रिक्षा खोळंबली आहे," असं बोलले. माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत आहेच.

तांदूळ मी एका डब्यात ठेवले आहेत. त्यांचं काय करायचं ते मला माहीत आहे. पण अजून केलं नाही. धीर होत नाही.

नम्रताला सांभाळा. शुभंकर सकाळी चहात साखर कमी आहे असं म्हणेल. कमी नसते. त्याला फक्त बोलायचं असतं.

सरोजिनी

*

नेवाडा, अमेरिका
१४ सप्टेंबर २०००

ताई,

मुलगी झाली. तुम्हाला फोनवर कळलंच आहे, पण फोनवर शुभंकररावच बोलले. मी तुमचा आवाज ऐकला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

आता सगळं सांगते. पहाटे नम्रता उठली आणि ओट्याशी उभी राहून हसायला लागली. मी विचारलं, कंबर? ती म्हणाली, "नाही गं आई, काही नाही," आणि पुन्हा हसली. मी शुभंकररावांचं पांघरूण ओढलं. चादरी आधीच गाडीत होत्या. रस्ता सरळ, बाणासारखा. दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नाही. झाड नाही, माणूस नाही, गाय नाही. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवत होते. शुभंकरराव दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "आलंच." खोटं बोलत होते. आवाज अगदी तुमच्यासारखा, करडा. तुमचा मुलगा फार भला आहे. मी त्यांना म्हटलं, तुमच्या आईनं तुम्हाला चांगलं वाढवलं. तर त्यांना रस्ताच पुसट दिसायला लागला, गाडी बाजूला घ्यावी लागली. नम्रता ओरडली, "आई, नंतर रडव ना त्याला!"

पोचलो. दुपारी झाली. गोरी नर्सबाई होती, मला तिचं काही कळेना, तिला माझं काही कळेना. तुमची चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली, आणि मला आत येऊ दिलं. नम्रतानं एका हातानं माझा हात धरला होता आणि दुसऱ्या हातानं नर्सबाईचा.

तिसऱ्या दिवशी घरी निघालो. घर दोन-तीन मैलांवर राहिलं तेव्हा लेकरू भुकेनं रडायला लागलं, घरापर्यंतही दम धरेना. मी शुभंकररावांना म्हटलं, सावली दिसेल तिथे थांबा. सावली कुठून दिसणार? एका ठिकाणी एक पाटी आणि पडक्या भिंतीचा तुकडा दिसला, तिथे थांबवली. मी पाटी लावून वाचली. लॅम्बर्ट सिटी.

मी पिशवीतून माझा नकाशा काढला. धोतरावरचा. रेल्वेची रेघ जिथे वळते तिथे मातीचा बांध अजून आहे. तिथून शाळा, शाळेपासून ओळीनं चौकोन. सगळीकडे नुसती दगडांची पायाभरणी, घोट्याएवढी. मी नम्रताला म्हटलं, इकडे दवाखाना. आणि खरंच तिथे तीन पायऱ्या होत्या, ताई. दगडाच्या, चांगल्या रुंद. दार नाही, भिंत नाही, वर चढलं की नुसतं आभाळ. पण पायऱ्या घट्ट होत्या. भिंतीची सावली त्यांच्यावर पडत होती.

त्या पायरीवर बसून नम्रतानं लेकीला पाजलं. मी पदर धरून उभी होते, वारा लागू नये म्हणून. नम्रता म्हणाली, "आई, मी झाले तो दवाखाना पण असाच झालाय ना?" मी म्हटलं, हो, पण तिथे बकुळ आहे. या वेळी तिला खरं वाटलं.

घरी आल्यावर नकाशावर बोटं ठेवून पाहिली. दोनच बोटं, ताई. आपण दोघी काही अगदीच चुकलो नव्हतो.

बाळाचे डोळे तुमच्यासारखे आहेत. रोखून बघते, जसं काही आपणच गृहपाठ केला नाही.

तुमची,
द्वारका

*

नारायण पेठ, पुणे
१ ऑक्टोबर २०००

द्वारका,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. आता मी तू म्हणणार आहे. तुला चालेल की नाही ते विचारत नाही.

उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. तीन पायऱ्यांपाशी आले आणि चष्मा काढून ठेवला. बराच वेळ काही दिसेना. मग माझा प्लास्टिकमधला अर्धा नकाशा काढला. त्यात लॅम्बर्ट सिटी नाही. माझ्या अर्ध्यात रेल्वेलाइन कडेपर्यंत येते आणि तुटते. तरीही मी तिच्यावर बोट ठेवून ते कडेपर्यंत नेलं, आणि पुढे टेबलावर दोन बोटं सरकवली.

मग उठले. ओटीच्या तांदळाचा डबा काढला. निवडले, धुतले, तुपावर परतले. दूध आटवायला ठेवलं. साखर सापडली, तू ती मिठाच्या शेजारी ठेवली होतीस. तुझी खोबऱ्याची वाटी किसली, वेलदोडा घातला. गंध जिन्यापर्यंत गेला असावा, कारण वैष्णवी डोकावली आणि म्हणाली, "आजी, आज काय विशेष?" मी म्हटलं, मला नात झाली. ती वाटी घेऊन आली. मी दिली नाही.

ओटीच्या तांदळाची खीर जिची ओटी तिनंच खायची असते. मी देवापुढे ठेवली, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळी खाल्ली. शेवटी वाटी बोटानं पुसून घेतली.

सरोजिनी